फोन घरी ठेवला तर फक्त घड्याळावर भागेल का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वरवर तो सरळ आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस सकाळी तासभर धावता, फोन कमरेला बांधून धावणं नकोसं झालंय, म्हणून सिमवालं स्मार्टवॉच घ्यावं का आणि ते फोनशिवाय खरोखर चालतं का, असं विचारलंय. पुढे लिहिलंय की आई दुसऱ्या गावी एकटी राहते, तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, तिलाही असंच घड्याळ द्यावं का. आणि मध्येच, कंसात, एक लहानसं वाक्य आहे: ‘धावताना तिचा फोन आला तर कळायला हवं.’ मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न त्या कंसातच आहे. तुम्हाला दोन घड्याळांबद्दल विचारायचं नाहीये. एक माणूस दुसऱ्यापर्यंत कुठल्याही वेळी पोचेल ना, हे विचारायचंय.

गेली अकरा वर्षं मी मनगटावरच्या उपकरणांची चाचणी घेते आणि ज्येष्ठांना ती सेटअप करून देते. त्या अनुभवावरून सांगते: चालतं. पण ‘फोनशिवाय’ या शब्दाचे तीन वेगळे अर्थ आहेत आणि ते वेगळे न केल्यामुळेच लोकांची निराशा होते. पहिला अर्थ, फोन जवळ नाही पण घरी चालू आहे. दुसरा, फोन बंद पडलाय, चार्ज संपलाय किंवा हरवलाय. तिसरा, घड्याळाशी जोडलेला स्वतःचा असा फोनच नाही. तुमचं धावणं पहिल्या अर्थात बसतं, आईचं घड्याळ तिसऱ्या. दुसरा अर्थ तुम्हाला कधीतरी अचानक गाठणार.

पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक किती मोठा आहे हे दाखवायला मी एक साधी चाचणी करते. फोन टेबलावर चालू ठेवायचा, घड्याळ घालून लांब चालत जायचं, आणि सहकाऱ्याला एक साधा एसएमएस, एक मेसेजिंग अ‍ॅपचा मेसेज आणि एक कॉल करायला सांगायचं. तिन्ही येतात. मग परत यायचं, फोन बंद करायचा आणि पुन्हा तेच. या वेळी कॉल लागतो, पण मेसेजच्या बाबतीत चित्र बदलतं. अ‍ॅपल वॉचच्या बाबतीत तर कंपनीनेच स्पष्ट सांगून ठेवलंय की एसएमएस आणि इतर कंपन्यांच्या अ‍ॅपची नोटिफिकेशन सिमवर मिळायची असतील, तर जोडलेला आयफोन चालू आणि नेटवर्कवर असावा लागतो. तो जवळ असण्याची गरज नाही. म्हणजे पुष्कळसे निरोप आधी घरच्या फोनपर्यंत जातात आणि तिथून तुमच्या मनगटावर येतात. सकाळी फोन दोन टक्क्यांवर सोडून धावायला गेलात आणि तो मागे बंद पडला, तर घड्याळावर रेंज पूर्ण दिसेल, आणि तरी निरोप येणार नाहीत. म्हणून धावायला निघताना फोन चार्जरला लावून जायची सवय लावा, आणि आईला सांगून ठेवा की तातडीचं काही असेल तर मेसेज नको, फोन कर.

आता धावण्याचंच बघू. इथे पुष्कळ लोक विनाकारण जास्तीचे पैसे घालतात, कारण सिमशिवाय काय काय चालतं हे त्यांना कुणी सांगत नाही. अंतर आणि वेग मोजायला घड्याळातलं जीपीएस पुरेसं असतं. जीपीएस म्हणजे फक्त ऐकणं, उपग्रहांकडून येणारे संदेश पकडणं. त्याला सिम लागत नाही की इंटरनेट. हृदयाचे ठोके मोजायला काहीच बाहेरचं लागत नाही. गाणी आधी घड्याळात उतरवून ठेवली की ब्लूटूथ इअरफोनवर ऐकता येतात. मनगट मशीनला लावून पैसे देण्याची सोय तुमच्या बँकेने दिली असेल, तर तीही फोन आणि इंटरनेट दोन्हींशिवाय चालते, कारण कार्डाच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक घड्याळातच साठवलेला असतो. ‘धावताना गाणी हवीत, अंतर हवं, वाटेत पाणी घेता यायला हवं’ एवढंच ज्यांचं म्हणणं असतं, त्यांना मी सिम नसलेलंच घड्याळ सुचवते.

जीपीएसबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कारण ती धावणाऱ्यांना सतत छळते. उपग्रह आपली नेमकी कक्षा सांगणारी माहिती अगदी सावकाश पाठवतो, सेकंदाला ५० बिट या वेगाने. ती पूर्ण मिळायला मोकळ्या आकाशाखालीसुद्धा अर्धा मिनिट लागतो, आणि झाडं-इमारती मध्ये आल्या की त्याहून जास्त. हा वेळ वाचावा म्हणून घड्याळ फोनकडून पुढच्या काही दिवसांची कक्षांची माहिती आधीच उतरवून घेतं. आठवडाभर फोनशी जोडलंच नाही तर ती शिळी होते, आणि मग सकाळी दारात हात वर करून उभं राहावं लागतं. अशा वेळी घड्याळ बिघडलेलं नसतं, त्याला फक्त एकदा फोनशी जोडून घ्यायचं असतं.

मग सिमने काय मिळतं? एकच गोष्ट: तुम्ही कुणाला गाठू शकता आणि कुणी तुम्हाला गाठू शकतं. ती गोष्ट मोठी आहे, पण तिची किंमत बॅटरीतून द्यावी लागते, आणि ही किंमत का पडते हे समजलं की घड्याळाकडून अवाजवी अपेक्षा राहत नाही.

फोनच्या बॅटरीची क्षमता साधारण ४,००० ते ५,००० मिलिअँपिअर-तास असते. घड्याळाची ३००च्या आसपास. त्यातून त्याला फोनसारखंच टॉवरशी बोलायचं असतं. आता अँटेनाचं बघा. ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी सुमारे ३७ सेंटीमीटर असते, आणि अँटेनाला सोयीची लांबी तिच्या पाव, म्हणजे ९ सेंटीमीटरच्या वर. घड्याळाची पेटी जेमतेम ४ ते ४.५ सेंटीमीटर. शिवाय एका बाजूने मनगट चिकटलेलं, आणि आपलं शरीर रेडिओलहरी शोषून घेतं. या कोंडीतून मार्ग काढायला इंजिनिअरांना काय काय करावं लागलं, ते बघण्यासारखं आहे. २०१४च्या सॅमसंग गिअर एसमध्ये छोटं सिमकार्ड घालायची जागाच होती आणि ते मनगट झाकून टाकणारं, अंगावर येणारं घड्याळ होतं. २०१७मध्ये अ‍ॅपल वॉच सीरिज ३ आलं, त्यात कार्ड काढून टाकून ई-सिम, म्हणजे घड्याळातच बसवलेलं सिम घेतलं आणि डिस्प्लेलाच अँटेना बनवलं. तरीही कंपनीने त्यावर एलटीईवरून, म्हणजे ४जी नेटवर्कवरून, बोलण्याचा वेळ दिला होता १ तास. बोलण्याच्या बाबतीत घड्याळ फोनची जागा घेत नाही, हे त्या एका आकड्यात आलं. ‘मी पोचले’, ‘दार उघडं राहिलंय का बघ’, ‘पडलोय, ये’ अशा कॉलसाठी ते आहे.

म्हणूनच घड्याळ सिमला शेवटी हात लावतं. फोन ब्लूटूथच्या टप्प्यात असला तर त्याच्यामार्फत, नसला तर ओळखीच्या वाय-फायवरून, आणि तेही नसलं तरच टॉवरकडे. तुमच्या तासाभराच्या धावण्यात, रेंज चांगली असेल तर, बॅटरीवर फार ताण येत नाही. ताण येतो तो रेंज नसताना. एकदा मी डोंगरवाटेने चालायला गेले होते, फोन मुद्दाम गाडीत ठेवला होता. सकाळी निघताना घड्याळ नव्वद टक्क्यांवर होतं. त्या दरीत रेंज येत-जात होती, आणि घड्याळ दर थोड्या वेळाने पूर्ण जोर लावून टॉवर शोधत होतं. दुपारी उतरायला सुरुवात केली तेव्हा पडद्यावर लाल विजेचं चिन्ह होतं. मी एकही कॉल केला नव्हता. ज्या दिवशी घड्याळाची सर्वात जास्त गरज पडू शकली असती, त्याच दिवशी ते संपलं. तेव्हापासून रेंज नसलेल्या भागात शिरताना मी त्याचं सिम स्वतः बंद करते आणि उंचवट्यावर पोचले की चालू करून बघते. अशा जागांसाठी फोन पिशवीतच हवा. २०२५मध्ये अ‍ॅपल वॉच अल्ट्रा ३ आणि पिक्सेल वॉच ४ अशा काही घड्याळांत उपग्रहावरून मदत मागायची सोय आली आहे, पण ती ठरावीक देशांतच चालते आणि त्यासाठी आकाश मोकळं दिसावं लागतं. रोज सकाळी रस्त्यावर धावणाऱ्याने तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

आता आईकडे येऊ, कारण मला जास्त काळजी तिथली वाटते.

तिच्याकडे स्मार्टफोन नाही. अ‍ॅपलने २०२०मध्ये कुटुंबातल्या माणसासाठी घड्याळ आपल्या फोनवरून सेटअप करून द्यायची सोय आणली; त्यासाठी सीरिज ४ किंवा त्यानंतरचं, किंवा एसई, आणि सिमवालंच मॉडेल लागतं. तुमच्याकडे आयफोन असेल तर हा रस्ता आहे. अँड्रॉइड असेल तर अ‍ॅपल वॉच विसरा, ते अँड्रॉइडशी जोडलंच जात नाही. आणि उलट्या बाजूने सॅमसंगची हल्लीची घड्याळं आयफोनशी जोडता येत नाहीत. त्यामुळे घड्याळ निवडताना पहिला प्रश्न तुमचा फोन कोणता, हाच. दुसरा प्रश्न, तुमची आणि आईची मोबाइल कंपनी घड्याळाच्या ई-सिमला सेवा देते का आणि नेमक्या त्या मॉडेलला देते का. हे दुकानदाराला विचारू नका, मोबाइल कंपनीलाच विचारा. तुमच्या घड्याळावर तुमचाच नंबर चालेल. आईच्या घड्याळाला मात्र स्वतःचा वेगळा नंबर मिळेल. तो नंबर घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये ‘आई घड्याळ’ म्हणून पहिल्याच दिवशी भरून टाका. अनोळखी नंबर म्हणून आईचाच कॉल कट केलेला मी पाहिला आहे.

पहिली गोष्ट, असं आपल्या फोनवरून सेटअप करून दिलेल्या अ‍ॅपल वॉचवर काही सोयी मिळत नाहीत, उदाहरणार्थ ईसीजी. तिच्या हृदयाचं काही दुखणं असेल आणि त्यासाठी घड्याळ घेणार असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला. त्या कामाला ही व्यवस्था अपुरी पडेल.

दुसरी गोष्ट बॅटरीची. जाहिरातीत ‘दिवसभर’ किंवा ‘१८ तास’ असं लिहिलेलं असतं. अ‍ॅपलच्या कित्येक मॉडेलांच्या बारीक अक्षरांत त्याचा हिशोब दिलाय: त्या १८ तासांतले १४ तास घड्याळ ब्लूटूथने फोनशी जोडलेलं धरलंय आणि एलटीईवर फक्त ४. तुमच्यासाठी हा हिशोब ठीक आहे. आईच्या घड्याळाजवळ मात्र फोन कधीच नसणार; ते दिवसभर टॉवरशीच बोलत राहील आणि संध्याकाळ व्हायच्या आत थकेल. यावर उपाय सोपा आहे आणि बहुतेकांना सुचत नाही: तिच्या घरी वाय-फाय बसवा आणि घड्याळ त्याला जोडून द्या. घरात असेपर्यंत ते वाय-फायवर राहील, बाहेर पडली की सिमवर जाईल.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, घड्याळ अंगावर केव्हा नसतं. एका आजींना मी घड्याळ सेटअप करून दिलं होतं. महिन्याने भेटायला गेले, तर घड्याळ छान चार्ज झालेलं, चकचकीत, आणि पलंगाशेजारच्या कपाटावर ठेवलेलं. त्या रोज रात्री झोपताना ते चार्जरला लावायच्या आणि अंघोळीच्या वेळी काढून ठेवायच्या. म्हणजे रात्री अंधारात उठून बाथरूमला जाताना आणि ओल्या फरशीवर असताना, नेमक्या त्या दोन वेळी, मनगट रिकामं. आम्ही तिथेच बसून दिनक्रम बदलला. संध्याकाळी त्या दोन तास खुर्चीत बसून टीव्ही बघतात, तेव्हा चार्जिंग. चुंबकाचा चार्जर टेबलावरून सरकायचा आणि घड्याळ नीट बसायचं नाही, म्हणून तो दुहेरी चिकटपट्टीने टेबलाला पक्का चिकटवला. आता त्यांना फक्त घड्याळ त्याच्यावर टेकवायचं असतं. डोळ्यांना नीट दिसलं नाही तरी हाताला जागा कळते.

अंघोळीचं जरा अवघड आहे. ही घड्याळं पाण्यात चालतात, पण साबण आणि वाफ यांनी आतलं पाणीरोधक सील हळूहळू कमजोर होतं आणि कंपन्या त्यापासून जपायलाच सांगतात. तरी मी ज्येष्ठांना अंघोळीत घड्याळ घालायलाच सांगते आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसायला. घड्याळ एक-दोन वर्षं लवकर खराब झालं तर चालेल, ते ज्या कामासाठी घेतलं तिथेच नसलं तर त्याचा उपयोग काय.

पडल्याचं आपोआप ओळखणाऱ्या सोयीवर सगळा भरवसा टाकू नका. ती २०१८पासून अ‍ॅपल वॉचमध्ये आहे आणि आता इतरांतही आहे. जोराचा आदळ आणि त्यानंतर हालचाल थांबणं, या खुणांवरून ती काम करते. साधारण मिनिटभर माणूस हललं नाही तर घड्याळ स्वतःच मदतीसाठी कॉल लावतं. पण भिंतीला धरून हळूच घसरत खाली बसलेलं माणूस तिला पडलेलं वाटेलच असं नाही. म्हणून बाजूचं बटण दाबून धरून मदत मागणं आईला हाताने यायला हवं. हे सांगून येत नाही. माझी पद्धत अशी: बटण दाबून धरायला लावायचं, पडद्यावर पर्याय दिसले आणि उलटी मोजणी सुरू झाली की बटण सोडून रद्द करायला शिकवायचं, आणि हे लागोपाठ तीन दिवस करायचं. रद्द करता येतं हे कळलं की बटणाची भीती जाते. बऱ्याच ज्येष्ठांना ‘चुकून दाबलं गेलं तर लोक धावत येतील’ या संकोचानेच घड्याळ नकोसं होतं.

जुनं, कुणी वापरलेलं घड्याळ तिला देण्याचा विचार असेल तर सोडून द्या. ३जीचं नेटवर्क अनेक देशांत बंद झालंय, त्यामुळे फक्त त्यावर चालणारी सुरुवातीची घड्याळं तिथे कॉललाही निरुपयोगी आहेत. आणि इतक्या लहान बॅटरीत दोन-तीन वर्षांची झीज फार जाणवते.

थोडक्यात माझा सल्ला. तुम्ही फक्त धावण्यापुरतं विचारलं असतं तर मी ‘बिनसिमचं घ्या, गाणी उतरवून ठेवा’ म्हटलं असतं. पण आईने बटण दाबलं की मदत-संपर्क म्हणून, म्हणजे अडचणीच्या वेळी कळवायला घड्याळात नाव घातलेलं माणूस म्हणून, कळवलं जाणार तुम्हाला. सकाळच्या त्या एका तासात तुमच्या मनगटावर सिम नसेल, तर तिच्या घड्याळावर केलेला सगळा खर्च तुमच्यापाशी येऊन अडतो. म्हणून दोघांनाही सिमवालं घ्या. पैसे एकाच वेळी जमणार नसतील तर आधी तिचं, आणि तोवर तुम्ही फोन कमरेला बांधूनच धावा. मदत-संपर्कात तुमच्याबरोबर तिच्या गल्लीतलं कुणीतरी टाका, कारण कळल्यावर तुम्हाला पोचायला वेळ लागेल, शेजारणीला दोन मिनिटं.

आणि काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. पुढच्या वेळी आईकडे जाल तेव्हा, तिच्या घड्याळासाठी ज्या कंपनीचं सिम घेणार असाल त्याच कंपनीचा फोन घेऊन तिच्या बाथरूममध्ये जा, दार लावा, फोन फरशीवर ठेवा आणि तिथून स्वतःच्या नंबरवर कॉल लावून बघा. त्या जागी फोनलाच जेमतेम एक रेघ दिसत असेल, तर घड्याळाला बहुधा तीही मिळणार नाही, आणि तिथे वाय-फाय पोचेल अशी व्यवस्था आधी करावी लागेल. काय दिसतं ते इथे कळवा, त्यानुसार कोणतं मॉडेल घ्यायचं ते ठरवू.